अर्ध्या फीचे कॉलेज

२ सप्टेंबर
अध्यक्षा ग्रोव्हरबाईंनी आज एक समिती नेमली. विषय: आपल्या कॉलेजची फी इतकी का? समितीचे नेतृत्व माझ्याकडे. एवढी वर्षे ग्रीक आणि पवित्र शास्त्र शिकवल्यावर अखेर कोणाला तरी माझे स्मरण झाले. पत्नी लोईस म्हणाली, "जी समिती कोणालाच नको असते, ती तुला देतात, एज्रा." स्त्रियांना प्रशासनातले बारकावे उमजत नाहीत.

प्रश्न सोपा आहे. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्याच्या आत निकाल लावीन. शलमोनाला मंदिर बांधायला सात वर्षे लागली. परंतु त्याच्या हाताशी समिती नव्हती.

खरे कारण येथे लिहून ठेवतो, कारण हे कोणी वाचणार नाही. नात टेसा यंदा शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे. पुढील शरदात ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून योहानाचे शुभवर्तमान मूळ ग्रीकमधून वाचील, हे मी ती पाळण्यात असतानाच ठरवले आहे. मात्र तिची आई, आमची मार्गो, रुग्णालयात परिचारिका. फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या कॉलेजच्या फीत माझं अर्धं घर येईल." तेव्हा फी उतरलीच पाहिजे. संकल्प केला.

९ सप्टेंबर, सकाळ
उधळपट्टी स्वचक्षूंनी पाहावी म्हणून फेरफटका मारला. पहिला आरोपी सापडला: व्यायामशाळेतील चढाईची भिंत. तीन मजली, रंगीबेरंगी खुंट्यांची. तेथील तरुण प्रशिक्षक म्हणाला, "पालक आले की आधी भिंत बघतात, मग जेवण, मग स्वच्छतागृहं. ग्रीकबद्दल अजून तरी कोणी विचारलं नाही, सर." तपास परिपूर्ण असावा म्हणून मी दोर बांधून घेतला. शुभवर्तमानातला ठेंगणा जक्कयही येशूला पाहण्यासाठी उंबरावर चढला होता.

दुपार
जक्कय उतरला कसा, याविषयी शुभवर्तमानकार लूक काही लिहीत नाही. मला शिडी लावून उतरवले. भिंतीविषयी घाईने मत बनवणार नाही. वरून मैदान फार सुरेख दिसते.

१८ सप्टेंबर
समितीची पहिली बैठक. मी विचारले, कोणते पद अनावश्यक आहे ते प्रत्येकाने निर्भयपणे सांगावे. प्रत्येकाने शेजाऱ्याचे सांगितले. आमच्या तरुणपणी कॉलेजला एक डीन होता आणि त्याचा एक कुत्रा. आता डीन, उपडीन, सहडीन आणि विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा स्वतंत्र डीन. शिवाय एक कुत्रा, ज्याला परीक्षेच्या काळात कुरवाळण्यासाठी भाड्याने आणतात.

हिशेब पाहणारा डिटमर हा उग्र वृत्तीचा गृहस्थ. म्हणाला, "एका विद्यार्थ्यामागे सगळ्यात जास्त खर्च कुठे होतो ठाऊक आहे? तुमच्या ग्रीकच्या वर्गात. शिकणारी तीन, शिकवणारा एक. त्यातला एक तर खोली चुकून आलाय." ज्ञानाचे मोल पोवळ्यांनी होत नाही, असे मी त्यास सुनावले. इतिवृत्तात ग्रीकचा उल्लेख घेऊ नये, असे एकमताने ठरले. मत माझे होते.

१० ऑक्टोबर
काम वाढले. समितीला एक साहाय्यक घेतला. शिकागोहून एक सल्लागार मागवला, कारण घरच्या संदेष्ट्याला मान नसतो. बैठकीनंतर भोजनाची व्यवस्था केली. डिटमरने भुवया उंचावल्या. मी त्याला नियमशास्त्र दाखवले: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नको. तो म्हणाला, "मळणी दिसली की सांगा." भाजलेला सॅमन मासा उत्तम होता.

४ नोव्हेंबर
साक्षात्कार. आज बैठकीत डिटमर सहज बोलून गेला की छापील फी आमच्याकडे जवळजवळ कोणीच भरत नाही. आधी फी दुप्पट छापायची, मग ज्याला त्याला ‘गुणवंत शिष्यवृत्ती’ म्हणून अर्धी सोडायची. हा पैसा कोणा दानशूराचा नव्हे. आपणच फुगवलेला आकडा आपणच खाली आणतो. सगळीच कॉलेजे हे करतात, म्हणे. मार्गो बिचारी छापील आकडा पाहूनच घाबरली.

खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो. मी उभा राहून मांडले: शिष्यवृत्त्या बंद करा आणि खरी फी छापा, म्हणजे निम्मी. तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे. डिटमर पुटपुटला, "रेव्हरंड, लोकांना स्वस्त नको असतं. महागच हवं असतं, फक्त स्वतःला स्वस्तात." मनुष्यस्वभावाविषयी किती हीन कल्पना.

ग्रोव्हरबाईंनी एक वर्ष प्रयोग करून पाहण्यास मान्यता दिली. परमेश्वराची स्तुती असो. थोडी माझीही.

थँक्सगिव्हिंग
टर्की कापण्यापूर्वी प्रार्थनेतच नव्या फीची घोषणा केली. मार्गोचे डोळे पाणावले. टेसा माझ्याकडे पाहून हसली. म्हणजे तिने आमचे कॉलेज निवडले. नंतर लोईस म्हणाली, "तिनं होकार दिला नाही, एज्रा. तुझी प्रार्थना लांबली आणि तिला भूक लागली होती." टेसासाठी ग्रीक व्याकरणाची प्रत बांधणीला दिली.

२० जानेवारी
अर्ज काहीसे कमी आहेत. उत्तम दाणा थोडाच असतो.

३ फेब्रुवारी
अर्ज बरेच कमी आहेत. पालकांचे फोन घेण्यास मी स्वतः बसलो. एका मातेने हलक्या आवाजात विचारले, "कॉलेज बंद पडतंय का हो? आम्हाला सांगितलंत तरी चालेल." एका पित्याशी दीर्घ संवाद झाला. त्याने विचारले, माझ्या मुलाला काय मिळणार? मी म्हणालो, निम्मी फी. तो म्हणाला, "ती तर सगळ्यांनाच आहे. माझ्या मुलाला काय?" मी त्याला द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला सांगू लागलो, ज्यात धनी सर्वांना सारखाच एक दिनार देतो. तो म्हणाला, "म्हणजे जो सगळ्यात उशिरा आला त्यालाही तेवढंच?" मी म्हणालो, तेवढेच. त्याने फोन ठेवला. दाखल्यातील कामकरीही येथेच कुरकुरले होते. शास्त्र पूर्ण होत आहे.

१५ मार्च, रविवार
चर्चमध्ये उपदेशानंतर पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारले, कोणाला आनंदाची वार्ता मंडळीपुढे ठेवायची आहे? मार्गो उभी राहिली. टेसाला शेजारच्या राज्यातल्या कॉलेजची ‘अध्यक्षीय सन्मान शिष्यवृत्ती’ मिळाली. मंडळीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सर्व जण माझ्याकडे पाहत होते.

कॉफीच्या वेळी मार्गोला बाजूला घेऊन दाखवून दिले की शिष्यवृत्ती वजा करूनही ते कॉलेज आमच्याहून महाग पडते. ती म्हणाली, "बाबा, वजाबाकी मला येते. जादा पाळ्या करीन. पण त्यांनी तिला निवडलं. तुम्ही नुसतं स्वस्त केलंत." टेसा माझा हात धरून म्हणाली, "आजोबा, रागावू नका ना. मी इथं उभं राहून काय सांगणार होते? सगळ्यांना पडते तीच किंमत मला पडली?"

यावर शास्त्रातून उत्तर काढायचे आहे. दोनदा बायबल उघडले. दोन्ही वेळा सर्वस्व गमावलेला ईयोब निघाला.

१२ मे
प्रयोग समाप्त. फी पूर्ववत, किंबहुना थोडी अधिक, कारण बुडालेले वर्ष, सल्लागाराचे मानधन आणि समितीचे भोजन कोठून तरी भरून काढायचे आहे. शिष्यवृत्त्या सर्वांना पुन्हा सुरू. त्यांना भारदस्त नावे हवीत, म्हणून ग्रोव्हरबाईंनी ते काम मला दिले. "लॅटिन असलं की पालकांना महाग वाटतं," असे त्या म्हणाल्या. मी केवळ भाषेच्या सेवेखातर होकार दिला. आज सात नावे केली. साहाय्यक कायम ठेवला आहे.

२३ ऑगस्ट
टेसाला तिच्या कॉलेजात पोहोचवले. मार्गोची पाळी होती, म्हणून गाडी मी चालवली; लोईस शेजारी होती. वाटेत ग्रीकविषयी विचारले. तेथे ग्रीक नाही. चढाईची भिंत आमच्याहून उंच आहे. खोलीत सामान लावून झाल्यावर तिने मला घट्ट मिठी मारली आणि दोन नव्या मैत्रिणींबरोबर जेवायला गेली. व्याकरणाची प्रत मी तिच्या उशाशी ठेवली होती. जाण्यापूर्वी तिने ती टेबलावरच्या दिव्याला उंची यावी म्हणून त्याच्याखाली सरकवली होती.

कॉलेजच्या दुकानात ‘आजोबा’ असे छापलेला सदरा होता. किंमत अवाजवी. मी परत ठेवणार, तोच दुकानातील बाई म्हणाल्या, "थांबा, तुम्हाला खास सवलत आहे. नातवंडाचा पहिला दिवस ना?" अशी सवलत सरसकट नसते, असे त्यांच्या स्वरावरूनच जाणवले. सदरा घेतला. अंगात घालूनच बाहेर आलो.

लोईस म्हणते, माझ्यामागे रांगेत सगळे आजोबाच होते.

मी मागे वळून पाहिले नाही.