ट्रक सुरू झाला की हे बोलतील

१ जून १९९९, लातूर
आजपासून रोज नोंद. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, आधी ऑब्झर्वेशन, मग कन्क्लूजन.
ऑब्झर्वेशन: अंगणातल्या ट्रकचा सेल्फ मारला की नुसतं टक् होतं. हे खाटेवर. अर्धांगवायू झाल्यापासून तोंडातून शब्द नाही. ट्रकही तेव्हापासून उभा.
कन्क्लूजन: ट्रक सुरू झाला, तो आवाज कानावर पडला, की हे बोलतील. उभ्या जन्मात माझ्यापेक्षा त्या इंजिनाशीच जास्त बोलले.
मुलाला, शिवशंकरला, यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला वीस तारखेनंतर अंगण मोकळं हवंय. क्लाससाठी आलेली पोरं गावभर खोल्या शोधत फिरतात, त्यांच्यासाठी तो इथे खोल्या बांधणार. ट्रकला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. म्हटलं, बघू. भरपूर वेळ आहे.

३ जून
पाशामियाँ येऊन गेले. ऑटो इलेक्ट्रिशियन, ह्यांचे जुने दोस्त. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर साचला होता. मी गरम पाण्यात खायचा सोडा घालून स्वतः घासला. पाशामियाँ म्हणाले, भाभी, बॅटरी हाय, तांब्या न्हाई. दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला घेऊन गेले.

५ जून
भरलेल्या बॅटऱ्या बसवल्या. केबिनमधल्या महादेवाच्या फोटोभोवतीची दिव्यांची माळ लगेच लुकलुकायला लागली. ती ह्यांनी थेट बॅटरीला जोडलेली, चावी काढली तरी विझू नये म्हणून. मला भरून आलं.
सेल्फ छान फिरला. इंजिन मात्र सुरू झालं नाही. टाकीत डिझेल नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. किरकोळ बाब. पाशामियाँ लग्नाला धर्माबादला गेले.

९ जून
डिझेल आहे. बॅटरी परत उतरली.
पाशामियाँ म्हणाले, अल्टरनेटर गेला. मी विचारलं, इंजिन चालू असतानाच तो चार्ज करतो ना? मग उभ्या ट्रकमध्ये त्याचा काय दोष? म्हणाले, शाळेतलं शाळेत, भाभी. अल्टरनेटर खोलून घेऊन गेले.
ह्यांना सगळं सांगितलं. उजवी भुवई हलली. चांगली प्रगती आहे.

१२ जून
अल्टरनेटर बसला. बॅटऱ्या पुन्हा भरून आणल्या होत्या, पण टाकी रिकामी राहिल्याने डिझेलच्या पंपात हवा शिरलेली. दुरुस्त होईपर्यंत बॅटरी उतरलेली.
भोकरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन फाटकाशी आले. ट्रककडे बघत म्हणाले, रूम हितंच का? ट्रकमध्ये नाही हो, म्हटलं, ह्याच्या जागेवर. मग स्वतःचाच राग आला. मी कशाला तसं म्हणाले?
भूकंपानंतर अख्खं लातूर घराबाहेर झोपायचं. आम्ही ह्याच ट्रकमध्ये, वर ताडपत्री. दिवसभर हे किल्लारीकडे धान्य आणि पत्रे पोचवायचे, दिवेलागणीला परत. इतकी गाढ झोप मला पुन्हा कधीच लागली नाही. आयुष्यातले तेच दिवस खरे आमचे. इंजिनाचा आवाज ऐकला की ह्यांना ते नक्की आठवतील.

१४ जून
फॉल्ट सापडला! मी शोधला!
बॅटरीची एक वायर काढून, वायर आणि टर्मिनलच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावायचा. सगळं बंद असूनही लॅम्प पेटला, तर करंट कुठेतरी जातोय. पेटला. एकेक फ्यूज काढला, तरी पेटलेलाच. शेवटी महादेवाच्या माळेची वायर ओढली. विझला.
पाशामियाँ म्हणाले, तोडू का? मी म्हटलं, खबरदार. वायर परत जोडली. ह्यांनी लावलेले दिवे आहेत. एवढ्याशा दिव्यांनी एवढा ट्रक बंद पडतो का?

१७ जून
पडतो.
पाशामियाँ म्हणाले, भाभी, तुमी दिवे लावा, मी बॅटऱ्या भरतो. दोघं मिळून म्हातारे होऊ.

१९ जून
माळ काढली. ह्यांना विचारूनच. डोळे मिटले त्यांनी, म्हणजे हो. उद्या सकाळी. मी स्वतः सुरू करणार. इस्त्रीची साडी काढून ठेवली आहे.

२० जून
सुरू झाला. दुसऱ्या सेल्फला. धूर, धडधड, सगळं तसंच. अमीटरचा काटा चार्जिंगकडे गेला. पाशामियाँनी टाळी दिली.
शिवू दारात येऊन दोन्ही हात हलवायला लागला. मला वाटलं, हे बोलले! मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. तो ओरडत होता, आई, काय करायलीस, बंद कर!
आत गेले तेव्हा मांडणीवरची भांडी अजून थरथरत होती. हे खाटेवरून खाली पडलेले. चांगल्या हाताने शिवूचा शर्ट धरून त्याला दाराकडे ढकलत होते. बाहेर, म्हणत होते. बाहेर. बाहेर.
शब्द स्पष्ट होता. मी जवळ बसले, म्हटलं, अहो, आपलाच ट्रक आहे. त्यांनी मलाही ढकललं.

२३ जून
ट्रक गेला. स्वतःच्या इंजिनावर गेला. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत ढकलत नेला आणि तिथे सुरू केला, मीच सांगितलं तसं.
पाशामियाँ ह्यांच्या उशाशी बसले होते. जाताना म्हणाले, भाभी, भूकंपाच्या टायमाला हा ट्रकात एक रात झोपला न्हाई. मागच्या फाळक्याला टेकून बसायचा, हात तुमच्या अंगावर. हललं की उठवायचं म्हणून. दुपारी माझ्या दुकानात येऊन पडायचा अन् झोपेत वरडायचा. किल्लारीकडनं चादरीखाली काय काय भरून आणायचा ट्रकात, ते तुमाला सांगू नको म्हणायचा.
मी चहा विचारला. नको म्हणाले.
त्या शब्दानंतर हे पुन्हा बोललेले नाहीत. भुवई हलते, पण ती माशी बसली तरी हलते. आज नीट पाहिलं.
पाया खोदायला सोमवारी मशीन येणार. शिवूला विचारलं, घर हादरेल का रे? म्हणाला, हादरणारच की आई, थोडं.
तोवर ह्यांना कुठेतरी न्यायला हवं. कुठे, ते सुचत नाही.