नाण्यांची कोरडी खोली

सोमवार, ४ नोव्हेंबर

नाही म्हणाले. तोंडावर नाही!

सकाळी डॉक्टरीणबाईंनी छकुलीची छाती तपासली. म्हणाल्या, औषध कितीही द्या, ओल्या खोलीत झोपवलं तर खोकला हटायचा नाही. घरात कोरडी खोली एकच — सासऱ्यांच्या नाण्यांची. म्हणून हात जोडून विचारलं, मामंजी, थंडीपुरती द्या. तर म्हणाले, "नाणी हलत नाहीत. पोरं खोकतातच. तांब्यावर एकदा हिरवं चढलं की उतरत नाही."

दीड वर्षाच्या पोरीपेक्षा तांबं मोठं!

गुरुवार, ७ नोव्हेंबर

दाणे भाजायचा वार. नाण्यांच्या कपाटात ओल शोषायला सिलिका जेलच्या दाण्यांच्या पिशव्या असतात. दाणे कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी. पिशव्यांचे दोन जोड — एक कपाटात, एक माझ्याकडे. माझ्याकडचे दर गुरुवारी कढईत मंद आचेवर निळे होईस्तोवर भाजायचे, पिशव्या भरून मामंजींच्या हातात द्यायच्या. ते आत ठेवतात. जुन्या माझ्याकडे.

रंग मी सांगते. त्यांना आता दिसत नाही. पेपर धरून बसतात, पण उलटा धरला तरी कळायचं नाही. हे फक्त मला ठाऊक. कुणाजवळ बोलायचं नाही, असं बजावून ठेवलंय.

आमच्या खोलीची भिंत हाताला ओली लागते. तिला कोण भाजणार.

रविवार, १० नोव्हेंबर

जहाजावरून ह्यांचा फोन. सगळं सांगितलं. म्हणे दमानं घे, बाबांच्या घरात राहतो आपण. म्हणजे काय? जास्त बोलले तर घालवतील? पोरीला घेऊन जाऊ कुठे? माहेरी दोन भावजया आणि खोल्या पण दोनच.

बुधवार, १३ नोव्हेंबर

खोकून खोकून छकुलीचे ओठ निळे पडले. पायात चपला नाही घातल्या, तशीच पळाले दवाखान्यात. वाफ दिली तेव्हा कुठे रंग आला. अक्षर बघ कसं येतंय.

परत आले तर मामंजी कपाट पुसत होते. पोर कशी आहे विचारलंसुद्धा नाही.

थांब म्हाताऱ्या.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

भाजलेल्या पिशव्या आमच्या खोलीत टांगल्या. उंच खिळ्यांना, छकुलीचा हात पोचायला नको. मामंजींनी कपाटातून काढलेल्या गुलाबीच फिरवून त्यांच्या हातात दिल्या.

"निळे झाले?"

"झाले, मामंजी."

जीभ अडखळली नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पुन्हा तेच. आज तर हसून सांगितलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

ते आंघोळीला गेले तशी उशाखालची किल्ली काढली. कपाट उघडलं. मखमलीवर एकेक नाणं जावयासारखं बसलेलं! कडेलाच धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, घाम लागला की संपलं — लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला हेच शिकवलं होतं. सगळ्यात वरच्या रांगेवर अंगठा दाबत गेले. घाम होताच, भीतीचा.

मग हात साबणानं तीनदा धुतले.

छकुलीचा खोकला कमी आहे. काल दुपारी सलग दोन तास झोपली.

गुरुवार, १२ डिसेंबर

हिरवं चढलं! घोडेवाल्या नाण्यावर मुगाएवढं. शेजारच्यांवरही. घोडेवालं त्यांचं लाडकं, नातीलाही एवढं कधी जवळ घेतलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

सोमवार, १६ डिसेंबर

मेले! नाण्यांचा जाणकार येणार रविवारी. वर्षातून एकदा येऊन तपासून जातो म्हणे. हिरवं निघेल का? लिंबानं घासावं तर नाणं मातीमोल होतं, हेही मामंजींनीच सांगितलेलं. छकुलीचे कपडे पिशवीत भरून ठेवलेत. कधीही हाकलतील.

रविवार, २२ डिसेंबर

जाणकार भिंग लावून बसला. मी छकुलीला कडेवर घेऊन दारात.

तो म्हणाला, वरची रांग गेली. आत दमट आहे, आणि कुणीतरी घामट हातानं हाताळलंय. बघा, अंगठे उमटलेत. असं म्हणून माझ्याकडे बघितलं. छकुलीला इतकं आवळलं की ती रडली.

मामंजी म्हणाले, "माझाच हात असेल. डोळे गेलेत माझे. सहा महिने झाले."

परक्या माणसासमोर! पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं ते.

त्यांचा पडलेला चेहरा बघायचा होता मला. पोटभर बघितला. संध्याकाळी कपड्यांची पिशवी रिकामी केली.

सोमवार, २३ डिसेंबर

चहा दिला तर मामंजी म्हणाले, "ओली पिशवी हाताला जड लागते, सूनबाई. पहिल्याच गुरुवारी कळलं मला."

विचारलं, मग बोलला का नाहीत?

"एकदा नाही म्हणून बसलो होतो ना. आणि भिंतीपलीकडे खोकला कमी होत होता."

म्हणजे माझा सूडसुद्धा त्यांनीच घेऊ दिला! तोही माझा नाही.