अर्धा झिजलेला साबण

बाई, काल तुमच्या शाळेत जाऊन आले. हे लिहितेय तो कागद पाठकोरा आहे. एकाच बाजूनं लिहिलेला कागद कुणी टाकून दिला की तुमच्या कपाळावर जी आठी पडायची, ती मी अजून विसरलेले नाही. महिला दिनाचा कार्यक्रम होता आणि मी प्रमुख पाहुणी. हसू नका. फोटोसाठी केळी वाटणाऱ्यांची पेपरात टिंगल करून जी बाई गेली कित्येक वर्षं घर चालवते, तिलाच गरजू मुलींना पिशव्या वाटायला बोलावलं होतं, आणि ती चांगली इस्त्रीची साडी नेसून गेली.

पिशव्या वाळूजच्या एका कारखान्यानं दिलेल्या. साबण, टूथपेस्ट, कंगवा, सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं. वर कारखान्याचं नाव एवढं मोठं, की आत काही नसतं तरी चाललं असतं. आधी माझं भाषण झालं, मग वाटप. मुख्याध्यापक कानाशी आले. "म्याडम, पिशवी लगेच सोडू नका बरं का. फोटो होईपर्यंत धरून ठेवा." मग काय, एकेक नाव पुकारलं जातंय, एकेक मुलगी येतेय, पिशवीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, आणि रस्सीखेच चालल्यासारख्या आम्ही दोघी कॅमेऱ्याकडं बघतोय. आठवीतल्या एका मुलीचं नाव आलं. ती जागेवरूनच म्हणाली, "मला नको सर. घरी हाय." मार्चच्या उन्हात तिनं कमरेला स्वेटर बांधला होता. बाई, तुम्हाला पुढचं काही सांगायची गरज नाही.

तुमच्या वर्गात कधी काही वाटलं गेल्याचं मला आठवत नाही. शहागंजातल्या दुकानदाराकडून तुम्ही वेष्टण फाटलेले, ओल लागलेले साबण मागून आणायचात. एकदा ओझं धरायला मीच बरोबर होते. दुकानदार कुरकुरला, "बाईजी, हर महिने?" तुम्ही म्हणालात, "पोरी दर महिन्याला मोठ्या होतात, त्याला मी काय करू?" तो हसत वड्या पुढं सारत म्हणाला, "बच्च्यां के वास्ते मांगरे तो ना कैसे बोलूं?" त्या वड्या मी माझ्या हातानं पिशवीत भरल्या. अख्ख्या होत्या. मग कधीतरी शाळा सुटताना तुम्ही एखादीला हाक मारायचात, "पोरी, तुझी पिशवी राहिली बघ." जुनेऱ्याची, नाडीची पिशवी. आत कंगवा, धुऊन मऊ केलेल्या सुती कापडाच्या घड्या, आणि अर्धा झिजलेला साबण.

मला तशी हाक आली तेव्हा मी सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "बाई, माझी नाय ती." तुम्ही शांतपणे पिशवी माझ्या हातात ठेवलीत. "नीट बघ. जीभ चालवायच्या आधी जरा डोळे चालवत जा." मी घेतली. आई तेव्हा छावणीत चार घरची धुणीभांडी करायची. दिवसभर तिचे हात साबणात आणि आमच्या मोरीत मात्र राख. त्याच्या वर्षभर आधी शाळेनं दिलेला नवाकोरा गणवेश तिनं माघारी पाठवला होता, "आमी काय भीक मागाय आलो व्हतो का," म्हणून. आता ती साबण उलटसुलट करून बघतेय, वास घेतेय. "उरलेला हाय व्हय? मग ठिव. नवा आसता तर शाळेत नेऊन आपटला आसता." मी ऐकलं. कानानं ऐकलं, एवढंच.

कारण दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझा पहिला विनोद केला. म्हणाले, "दुकानातून अख्खे आणतात, मी बघितलंय. बाई आधी स्वतः आंघोळ करतात, मग उरलेला आपल्याला. देवीला नैवेद्य, आपल्याला प्रसाद." वर्ग लोळायचा बाकी राहिला. तुम्ही दारात उभ्या होतात. मी हात पुढं करून छडीची वाट बघत राहिले. तुम्ही आत आलात, पुस्तक उघडलंत, म्हणालात, "कालचं पान काढा." पुढच्या महिन्यात माझी पिशवी पुन्हा राहिली. साबण पुन्हा अर्धाच.

काल कार्यक्रम संपल्यावर एक पिशवी उचलून मी त्या मुलीला नळापाशी गाठलं. "अगं, तुझी पिशवी राहिली." तिनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "माझी नाय ती म्याडम. माझी आशी चकाकत नसती." लोक मला हजरजबाबी म्हणतात. मी ती पिशवी घेऊन मागं फिरले.

मी शिक्षिकांच्या बाथरूममध्ये गेले. माझी जुनी कापडी पिशवी रिकामी केली, त्या पिशवीतलं सामान हिच्यात भरलं, साबणाचं वेष्टण काढलं आणि नळाखाली धरून चोळायला लागले. नवा साबण लवकर झिजत नाही हो बाई. वरची अक्षरंसुद्धा जाता जात नाहीत. बोटांना सुरकुत्या पडल्या तेव्हा कुठं मला तुमची बोटं आठवली. कायम साल निघालेली. त्यांच्यावरही मी काहीतरी बोलले होते. कागदाची एक बाजू वाया जाऊ न देणारी बाई घरी बसून अर्धा अर्धा साबण मोरीत सोडत होती, वर्गभराचा, कारण झिजलेला साबण माझी आई माघारी पाठवणार नव्हती.

"मग ही?" मी परत जाऊन विचारलं. मुलीनं आत हात घातला, पॅडची पाकिटं चाचपली, मग अजून ओला, अर्धी अक्षरं उरलेला साबण वर काढला आणि खुदकन हसली. का हसली ते मला कळलं, आणि मान वर करवेना. "व्हय," ती म्हणाली, "हीच. कवाची हुडकत व्हते." पिशवी काखेत मारून ती मुलींच्या बाथरूमकडं गेली.

हे पत्र पाठवायचं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पत्ता कुठला? पण असता तरी पाठवलं नसतं. हा पाठकोरा कागद म्हणजे माझं कालचं भाषण आहे, आणि तुम्ही सवयीनं पान उलटून बघणार. मागं तो नैवेद्याचा विनोद आहे. इतकी वर्षं भाषणातून सांगत आलेय, कालही पिशव्या वाटायच्या आधी सांगितला. तुमच्याच शाळेत. टाळ्या पडल्या.