एक्केचाळीस नंबरचं रोप

३ फेब्रुवारी
एक्केचाळीस गोड कसं झालं? गेल्या वर्षी मीच चाखून लिहिलं होतं — 'आंबट, मऊ'. आज फळ घट्ट, गोड. आणि माझं लाडकं सतरा अगदी पांचट. स्ट्रॉबेरीचं रोप असा स्वभाव बदलत नाही.

४ फेब्रुवारी
पुन्हा चाखलं. तेच. टॅग कुणीतरी बदललेत.

७ फेब्रुवारी
काचघराची किल्ली तिघांकडे — साहेब, मी, माळीकाका. काका रोज माझ्या आधी येतात. विचारलं, "टॅगना हात लावता का?" पाणी घालता घालता म्हणाले, "ताई, मला कुठं वाचता येतं?" आणि हसले. ते हसणं मला पटलं नाही.

९ फेब्रुवारी
पुढच्या सोमवारी नवं वाण काढायच्या संकरासाठी मादी रोप ठरवायचं. चुकलं तर पाच वर्षं त्याचीच पोरं वाढवायची. सही माझी. आई फोनवर म्हणाली, "आपल्या घरात अंगठा सोडून सही करणारी तूच पहिली. नीट बघून कर." जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी
काका सतराच्या कुंडीपाशी उकिडवे बसलेले. मला बघून उठले, हात मागे. साहेबांना लेखी दिलं. 'छेडछाड' हा शब्द दोनदा खोडला, पुन्हा तोच लिहिला.

११ फेब्रुवारी
काकांना कामावरून काढलं. एवढ्या लवकर! किल्ली टेबलावर ठेवून गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

१२ फेब्रुवारी
सतरा-एक्केचाळीसच्या टॅगची पुन्हा अदलाबदल करण्याआधी खात्रीसाठी जुने फोटो शोधून काढले. गेल्या वर्षी आकडे फिके पडले म्हणून नवे टॅग मीच लावले होते. ते लावण्याच्या आदल्या दिवशीच्या फोटोत केसाळ देठाच्या रोपावर एक्केचाळीस. आजही त्याच रोपावर एक्केचाळीस.
म्हणजे नवे टॅग लावताना अदलाबदल मीच केली. चाखलं, ते त्यानंतर. मग कुणीतरी ते पुन्हा जागच्या जागी लावले.

१३ फेब्रुवारी
काकांच्या घरी गेले. दारातच म्हणाले, "आकडा कळत नाही, पण कुठल्या रोपाच्या टॅगवर कुठलं चित्र होतं ते कळतं. म्हणून परत होते तसे लावले. बोललो असतो तर तुमच्या अंगावर आलं असतं. नोकरी नवी तुमची." आत या म्हणाले. माझा पाय उचलला नाही.

१६ फेब्रुवारी
तक्रार मागे घेतल्याचा अर्ज दिला. चूक माझी, तेही लिहिलं. साहेबांनी वाचला. "एक्केचाळीस निवडलंस ना? मग निवड बरोबर आहे. हा कागद फाइलला लावला तर काका परत येतील, तू जाशील." कागद माझ्यापुढे सरकवला. "विचार कर."
मी तो उचलून पर्समध्ये ठेवला.