उंबऱ्याखालचा फाळ

१२ नोव्हें.
१०.४० चं मोजमाप झालं. आधी रोजचा सोहळा: केसातले आकडे, किल्ल्या, मोबाइल, सगळं बाहेर पेटीत. खोली सागाची, खिळेसुद्धा पितळी. लोखंड आत गेलं की पृथ्वीचं चुंबकत्व राहतं बाजूला, आपण टाचणीच मोजत बसतो.
वरून हेच चुंबकत्व मोजणाऱ्या उपग्रहाच्या आकड्याशी आमचा आकडा आजही जुळला नाही. पावसाळ्यापासून हेच. चिमुकल्या देशाचा उपग्रह, त्यात म्हातारा. थकला असेल बिचारा.

१५ नोव्हें.
रोजच्यासारखी उपग्रहाचा आकडा पाहायला आलापल्लीला, रेंजमध्ये गेले, तर उपग्रहवाल्यांचा मेल. या भागात ताडून पाहायला तुमचीच खोली आहे, कोणाचा आकडा खरा ते नीट सांगा. मी चिडले. सूरजागडचे लोहखनिजाचे ट्रक जातात तो रस्ता लांब आहे, ते केव्हाच तपासलंय. तिथूनच तडक उत्तर टाकलं: खोलीत लोखंड नाही, जबाबदारी माझी. बिघाड तुमच्याकडे.

२८ नोव्हें.
त्यांनी मानलं. यंत्राचा भरवसा उरला नाही, ९ डिसेंबरला उपग्रह बंद. वर माझे आभार.
खरी ठरले. तरी ताट तसंच झाकून ठेवलं. सात वर्षं रोज त्याच्याशी हिशेब जुळवत आले, आता सकाळी कोणासाठी...

५ डिसें.
मोजमापाच्या खोलीच्या उंबऱ्याला वाळवी लागली होती. आमचे चौकीदार मारोतीभाऊ तलावावर जाळं टाकून आले आणि तो उपटायला बसले. खाली नांगराचा फाळ. हळदकुंकू लावलेला. शुद्ध लोखंड.
भाऊंनाही पत्ता नव्हता. त्यांच्या बायकोनं, सखूबाईनं, काही लपवलं नाही. "मीनंच गाडला जी. तुमाले ताप भरला व्हता. त्या खोलीत एकट्याच बसता. लोहा असला का बाहेरचं आत येत नाई."
मलेरियानं गडचिरोलीला दवाखान्यात पडले होते तेव्हा. म्हणजे फरक सुरू झाला तो आठवडा. इकडे तिनं माझ्यासाठी जमीन खणली होती.

६ डिसें.
फाळ पार तलावापलीकडे ठेवला. मोजलं. जुळलं. अगदी जुळलं. पाच महिने उपग्रह खरं बोलत होता आणि मी शहाणी त्याला खोटं पाडत होते. ढसाढसा रडले.
मारोतीभाऊ दाराशी उभे. खोली बंद होईन का, विचारलं. मी माहीत नाही म्हणाले. माहीत आहे. चूक कळवली की अशी खोली कोण ठेवील? भाऊंचं कामही गेलं.
आणि नाही कळवली तर

७ डिसें.
कळवलं: उपग्रह बरोबर आहे, बंद करू नका. सखूबाईचं नाव नाही, 'माझी चूक' एवढंच. आलापल्लीत रेंज येईना, तिसऱ्या खेपेला मेल गेला. आज रविवार, तिकडे सुट्टी.

८ डिसें.
पुन्हा आलापल्ली. उत्तर नाही.

९ डिसें.
१०.४० ला मोजलं. वर तो आहे की गेला, इथून कळायला मार्ग नाही. आकडा वहीत लिहिला, शेजारचा रकाना मोकळा ठेवला.
बाहेर आले तर सखूबाई फाळ घेऊन उभी. तलावापलीकडून उचलून आणलेला, धुतलेला. ओरडणार होते. तिनं विचारलं, "हा काढला, आता तुमाले कोन राखन?"
ती तो माझ्या राहत्या खोलीत उशाखाली ठेवून गेली. तिथे लोखंड चालतं. उद्या परत आलापल्लीला जाऊन उत्तर आलंय का पाहते.