बुधवारचं यंत्र

वर्धा,
१२ जानेवारी २०२६

प्रिय रुचिका,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस आणि तुझ्या कंपनीच्या मेलवर लिहिणं धोक्याचं, म्हणून हे पत्र तुझ्या आंजी गावच्या घरी पाठवते आहे. आई बऱ्या असतील. इकडे थंडी ओसरली, माझी कंबर मात्र तशीच आहे. एमबीएच्या वर्गात आज मोजकी टाळकी होती आणि त्यातलीही काही झोपली होती. परदेशी कंपनीच्या इथल्या शाखेत नोकरी करता करता माणसं स्वतःचं काही नवं कसं उभं करतात, हा माझा नेहमीचा विषय. शिकवताना मलाच जांभई आली. मार्चअखेर निवृत्ती आहे, तोवर गाडं ओढायचं.

आता तुमच्या कारखान्यावर मी लिहिलेल्या लेखाबद्दल.

तुझा राग बरोबर आहे. वर्गात होतीस तेव्हाही अशीच तोंडावर बोलायचीस आणि मला ते आवडायचं. लेख वाचून त्या दिवशी बोललीस, ते मात्र लागलं. "मॅडम, नावं बदलून का होते? बुधवारची गोष्ट काऊन लिवली तुमी? हेडऑफिसवाले का बुद्दू आहेत?"

कंपनीचं नाव मी बदललं, देश बदलला, कपाशीच्या वाळल्या पराट्या बारीक करणाऱ्या तुमच्या लहान यंत्राला नुसतं 'शेतीचं उपकरण' म्हटलं. आणि बुधवार तसाच ठेवला. बुधवारी औद्योगिक वसाहतीची वीज बंद, म्हणजे मुख्यालयाच्या पडद्यावर तुमचा कारखानाही बंद. नेमकं त्याच दिवशी तुम्ही सुट्टी सोडून येता, जनरेटर लावता आणि वरून दोनदा नाकारलेलं यंत्र गुपचूप घडवता. मला हे इतकं आवडलं होतं की लपवायचं सुचलंच नाही! लेख तपासणाऱ्यांनाही तेच आवडलं. ते काढून टाकू का, असं मी संपादकांना विचारलं, तर म्हणाले, मग लेखात उरतं काय?

खरंच काही उरत नाही. निवृत्तीआधी मिळायची माझी प्राध्यापकपदाची बढती या एका लेखावर अडली होती, तेव्हा मी तुझ्यावरच चिडले. ही कालची पोर मला काय शिकवते, असंही म्हणून घेतलं. मग तुमचे फोरमन डोमाजी आठवले. यंत्रावरचं पोतं बाजूला करताना ते म्हणाले होते, "मॅडम, तुमी आपल्या आहा म्हणून दाखवून राह्यलो. वरती कळलं तं आमच्या साऱ्यायची नोकरी जाते." मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळं टाइप केलं. डोमाजींना मी दिसत होते आणि मला फक्त माझा लेख दिसत होता.

लेख मी मागे घेतला आहे. पुढच्या महिन्यात मुख्यालयाची माणसं तपासणीला येतील, तेव्हा त्यांच्या हातात माझं काही नसेल.

एवढ्यावर थांबणार होते. पण संपादकांनी कारण विचारलं. खरं कारण लिहिलं असतं तर तुम्हीच उघडे पडला असता. म्हणून लिहिलं, की या कारखान्यातल्या माहितीची मला खात्री देता येत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं, ते मीच अविश्वसनीय ठरवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. यापुढे माझं काही छापणार नाहीत, एवढं त्यातून कळलं. तुला हे सांगू नये असं वाटत होतं, पण तू मला दगलबाज समजत राहावंस हेही सोसेना. फार थकले गं.

यंत्र थांबवू नका. कधीतरी ते उजेडात येईल, मुख्यालयाचे साहेब शेजारी उभे राहून फोटो काढून घेतील, तुम्ही पेढे वाटाल. त्या दिवशी मला बोलावू नकोस. मी तिथे दिसले की कुणीतरी विचारेल, या बाई कोण, यांना आधीपासून माहीत होतं का? डोमाजींनाही समजावून सांग. ते आग्रह करतील, आणि त्यांनी आग्रह केला तर मला नाही म्हणता येणार नाही.

तुमच्या कारखान्यात कधीही न आलेली,
प्रमोदिनी मॅडम