गीझर आत घेण्यापूर्वी

१ डिसेंबर, सोमवार
आजपासून ही वही. राहनाळच्या गोडाऊनच्या गेटवर सव्वीस वर्षं रजिस्टर लिहिलं. कुठला ट्रक, किती वाजता, सील शाबूत की तुटलेलं. रिटायर झालो म्हणून सवय मोडायची नाही.
विषय: गरम पाणी. आमच्या लेकीला, पूर्वाला, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. नवव्यात, रथसप्तमीला म्हणजे २५ जानेवारीला, ती सासरहून, कोन गावाहून येणार. अंगणातला तांब्याचा बंब धूर ओकतो आणि डॉक्टरीणबाईंनी तिला धूर पूर्ण बंद सांगितलाय. सुवर्णाचं, म्हणजे आमच्या हिचं, म्हणणं असं की एक गीझर आणा आणि विषय संपवा. विषय असे संपत नसतात. बाजारात जो तो गिऱ्हाईकासाठी टपून बसलाय.
संकल्प: पंधरा दिवसांत व्यवस्था. पण तपासून.

४ डिसेंबर, गुरुवार
भिवंडीत जाऊन आलो. पहिल्याच दुकानात शेठ म्हणाला, चाचा, आँख बंद करके ले जाओ. आँख बंद करके! तिथूनच परत फिरलो. ज्याला माझे डोळे मिटलेले हवेत त्याच्या मनात काय असेल?
दुसऱ्या दुकानात पोराने फार प्रेमाने बसवलं, चहा मागवला. चहा घेतला. गीझर घेतला नाही. चहा पाजून माल खपवायचे दिवस माझ्यासमोर नकोत.

९ डिसेंबर, मंगळवार
गॅस गीझरचा विचार सोडला. आमची न्हाणी बापाच्या वेळची, तिला खिडकी म्हणजे एक वीट काढलेली. दार लावून आत गॅस पेटवायचा म्हणजे स्वतःच्या हाताने संकट घरात घेणं. हे मी स्वतः ओळखलं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, पण बारीक अक्षर मी आधी ओळखतो.
सोलरवाला येऊन कौलांकडे बघत बसला. म्हणाला, काका, याच्यावर टाकी ठेवली तर टाकी तुमच्या पलंगावर येईल, आधी स्लॅब टाका. म्हणजे पाणी तापवायला आलेला माणूस मला घर पाडायला सांगतो. याची बिल्डरशी सोयरीक असणार. चौकशी करायची.

१४ डिसेंबर, रविवार
रघू वायरमन आला. मी बोलावला नव्हता. हिने बोलावला असेल. ही नाही म्हणते. मीटरपासून न्हाणीपर्यंत टेप लावून माप घेतलं, जुनी वायर बघून च्यक् च्यक् केलं. म्हणाला, भाऊ, ही लाइन गीझरचा लोड घेणार नाही, नवीन ओढावी लागेल, अर्थिंग पण नवीन. मी विचारलं, तुला पाठवलं कोणी? हसला आणि स्कूटरला किक मारली.
हसणारा माणूस काहीतरी लपवतो. गेटवर हाच अनुभव.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ६
रात्रभर विचार करून युक्ती काढली. आपल्या तालुक्यात देवानेच गरम पाणी ठेवलंय. अकलोलीची कुंडं! ना वायर, ना गॅस, ना दुकानदार. आठवड्यातून दोनदा टेम्पोने आणायचं, कॅनमध्ये भरून गोधडीत गुंडाळायचं. एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही. सुचली असेल, पण दुकानदारांनी दाबली असेल. दुधाचे दोन कॅन मिळवले. निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कुंडावर पाणी असं कढत की बोट बुडवून ओरडलो. कॅन भरले, गोधड्या बांधल्या. अंबाडी नाक्यावर ट्रॅफिक. दोन तास. घरी पोचलो तेव्हा पाणी कोमट, गोधड्या ओल्या आणि घरभर उकडलेल्या अंड्यांचा वास.
आक्का, माझी थोरली बहीण, नेमकी आली होती. नाकाला पदर लावून म्हणाली, आरं देवराम, हा पानी गुडघं दुखतान त्यांना हाय, बालंतिनीला न्हाय! आनि तुजं डोकं दुखतंय तं तू घे त्याच्यान बुडी. ही हसली. दोघींचं आधीच काहीतरी ठरलेलं दिसतंय.
पाणी वाया गेलं नाही. हिने त्या पाण्याने बंबाची राख धुतली.

५ जानेवारी, सोमवार
रघू पुन्हा आला. पुन्हा माप! एकदा घेतलेलं माप माणूस दुसऱ्यांदा कशासाठी घेतो? हिच्याशी दारात कुजबुजला. मी पोचताच दोघं हवापाण्यावर बोलू लागले. त्याला सरळ सांगितलं, माझ्या परवानगीशिवाय या घरात एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. म्हणाला, बरं भाऊ.
पूर्वाचा फोन. बाबा, गीझरचं काय झालं? म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे. म्हणाली, मला तुमच्याकडेच यायचंय हो, इथे नळाला धार करंगळीएवढी. पोरीचा आवाज रडवेला वाटला. दहा दिवसांत करतोच.

१७ जानेवारी, शनिवार
महत्त्वाची नोंद. आज मोठी फसवणूक एकट्याने रोखली.
ही आक्काकडे हळदीकुंकवाला गेलेली. चार वाजता कुरियरचा टेम्पो दारात. मोठा खोका. माणूस म्हणतो, सुवर्णाबाईंच्या नावाचा गीझर, पेमेंट झालंय, फक्त ओटीपी सांगा. ओटीपी! पेपरात रोज येतं, ओटीपी दिला की खातं साफ. पैसे न मागता माल देणारा आजवर बघितला नाही.
खोका नियमाप्रमाणे तपासला. सील शाबूत. डावा कोपरा चेपलेला. नंबरचे शेवटचे आकडे ४४७१. पाठवणाऱ्याच्या जागी चक्क आमच्या जावयाचं नाव, विशाल, मुक्काम कोन. म्हणजे बघा, घरातली नावं काढून आलेत! जावयाला गीझर घ्यायचा असता तर त्याने मला विचारून घेतला असता. विशालला फोन करणार होतो, पण अशा वेळी फोन केला की ते फोनवरूनही काढून घेतात म्हणे. केला नाही.
स्पष्ट सांगितलं, ऑर्डर नाही, माल परत. तो म्हणाला, काका, पुन्हा विचार करा, जड आहे, मी उतरवून देतो. तेव्हा तर खात्रीच पटली. त्याच्या पावतीवर 'नाकारला' लिहून सही ठोकली. सही अशी झकास बऱ्याच दिवसांनी झाली.

१८ जानेवारी, रविवार
गीझर विशालरावांनीच पाठवला होता.
रघूलाही त्यांनीच सांगितलं होतं. सोमवारी तो लाइन ओढणार होता. गीझर पूर्वाने स्वतःच्या पगारातून घेतला, मला म्हणे आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. ओटीपी हिच्या फोनवर आला होता, ही वाण लुटण्यात गुंग.
हे सगळं मला आधी सांगायला काय झालं होतं? चोरून उपकार केले की असं होतं. तरी मी मोठ्या मनाने फोन करून म्हटलं, परत पाठवा, या वेळी आत घेतो. पूर्वा म्हणाली, बाबा, राहू द्या. विशाल कुरियरच्या गोडाऊनमधून स्वतः घेऊन आलेत, इथेच लावतोय. मी इथेच थांबते. डिसेंबरपासून विचारतेय मी.
तिच्या सासूबाईंची फूस असणार.

१९ जानेवारी, सोमवार
सासूबाईंची फूस नव्हती. हिने सांगितलं. त्या उलट म्हणत होत्या, पहिलं बाळंतपण आहे, जाऊ दे तिला आईकडे.
बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी
पूर्वाऐवजी ही गेली. कोनला, तिच्याजवळ, बाळंतपणाचा सव्वा महिना होईपर्यंत. जाताना म्हणाली, तुम्ही सांभाळा तुमचं गेट. बोलणं लागलं.
बादलीत टाकायचा रॉड आणला, पावती तपासून. बटण दाबलं तशी घरातली सगळी वीज गेली. रघूला बोलावलं. तो म्हणाला, भाऊ, परवानगी लिहून द्या, मग खिळा ठोकतो.
बंब पेटवतोय. धूर आता कुणाला बाधणार आहे?

१९ फेब्रुवारी, गुरुवार
मुलगी झाली! पूर्वा सुखरूप. हिचा फोन आला तेव्हा मी बंबासमोर फुंकणी घेऊन बसलो होतो. उठून अंगणभर फिरलो. शेजाऱ्यांना पेढे दिले, रघूलाही दिले, दोन.
उद्याच बघायला जाणार होतो. ही म्हणाली, बारशालाच या. ठीक. तयारीला वेळ मिळेल.

२ मार्च, सोमवार. बारसं
सकाळी बंबावर अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कोनला गेलो. नात न्हाऊन दुपट्यात गुंडाळलेली, आक्काच्या मांडीवर. हात पुढे केले.
पूर्वाने मला तिथेच अडवलं. म्हणाली, बाबा, थांबा, अंगाला धुराचा वास येतोय तुमच्या. आधी अंघोळ करा, मग घ्या तिला. सगळ्यांसमोर. विशालराव टॉवेल घेऊन उभे. आक्का म्हणाली, जा रं, तपासल्याबिगर कोन आत घेत न्हाय. सगळे हसले. मीही हसलो, पण कसंनुसं.
न्हाणीत गेलो. भिंतीवर गीझर. खाली स्टिकर. चष्मा लावून वाचला, खात्रीसाठी खिशातली वही काढून ताडून बघितला. ४४७१.
नंबर जुळला. पाणी कढत होतं, धारही चांगली होती. स्टुलावर बराच वेळ बसून राहिलो. शेवटी पूर्वानेच दार वाजवलं, म्हणाली, बाबा, या आता, ती जागी आहे.